हवेच्या वाटेवरची कुलपं

एप्रिल आला की मी भिंतींवर संशय घ्यायला लागते. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी छताकडे बघते, मग मागच्या भिंतीकडे, आणि मनातल्या मनात विचारते, इथली गरम हवा जाते कुठून? मैत्रिणी कपड्यांच्या दुकानात कपडे बघतात, मी छताजवळच्या जाळ्या शोधते. सवय विचित्र आहे, हे मलाही कळतं. पण ती मला एका उन्हाळ्याने लावली, आणि दर उन्हाळ्यात ती पुन्हा डोकं वर काढते.

सध्या शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आहे. अंबरनाथच्या आमच्या खोलीवरचा पत्रा दुपारी तापून टकटक वाजतो. गल्लीत जयंतीच्या निळ्या पताका अजून तशाच आहेत, पण एकही हलत नाही. पंखा आहे, तो तीच हवा पुन्हा पुन्हा माझ्याकडे पाठवतो. पुस्तकात इमारतीतल्या हवेचं एक प्रकरण आहे. त्यात पहिल्याच परिच्छेदात म्हटलंय की दुकानांच्या आणि कारखान्यांच्या इमारतीत गारव्याची आणि हवेची व्यवस्था आराखड्याच्या सुरुवातीलाच ठरवावी. मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि तिथेच अडकले. का ठरवावी, ते पुढे पानभर लिहिलंय. कोण ठरवू देत नाही, ते कुठेच लिहिलेलं नाही.

ते मला माहीत आहे. म्हणजे, माहीत आहे असं वाटतं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सिव्हिलला प्रवेश मिळाला तेव्हा आई शेजारणीला सांगायची, "पोरगी बिल्डिंगी बांधायचं शिकते." मला मात्र पहिलं वर्ष संपेपर्यंत बिल्डिंग म्हणजे काय ते नीट कळलं नव्हतं. त्या सुट्टीत बाबांच्या फॅक्टरीतल्या एका साहेबांच्या ओळखीने मी दळवी सरांच्या ऑफिसात नकाशांचं ट्रेसिंग करायला जाऊ लागले. ऑफिस अंबरनाथ पूर्वेला, पिठाच्या गिरणीच्या वर. खालून गव्हाचा गरम वास यायचा आणि आतल्या खोलीतून प्रिंट काढायच्या अमोनियाचा. दोन्ही वास एकत्र नाकात गेले की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि नव्या माणसाला वाटायचं, ही मुलगी रडते आहे.

टेबलावरच्या फोनच्या डायलला एक छोटं कुलूप होतं. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असणार. सर म्हणाले, "तुझ्यासाठी नाही ते. सगळ्यांसाठी आहे." मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

सरांची काम करायची पद्धत उलटी होती. कॉलेजात आम्ही आधी खोल्या काढायचो, मग जिने, मग उरलेल्या जागेत बाकीचं. सर कोऱ्या कागदावर आधी सूर्य काढायचे. "पश्चिमेवर विश्वास ठेवायचा नाही," ते म्हणायचे, आणि जिने, संडास, पाण्याच्या टाक्या सगळं पश्चिमेला ढकलायचे, म्हणजे दुपारचं ऊन तिथेच आपटून थांबेल. मग कागदाच्या मध्यावर एक लांबट चौकोन काढायचे, आणि त्यात काहीच लिहायचे नाहीत. ती पोकळी, म्हणजे शाफ्ट. तळापासून गच्चीपर्यंत सरळ, चिमणीसारखी. तिच्यातून खालच्या दुकानांच्या एसीचे थंड पाण्याचे नळ जाणार, आणि मागच्या कारखान्यांची गरम हवा आपोआप वर निघून जाणार, कारण गरम हवेला वर जायचंच असतं, फक्त कुणी आडवं येऊ नये. गच्चीवर एका कोपऱ्यात एसीच्या मोठ्या मशीनसाठी ओटा. मशीन उद्या बसो नाहीतर कितीतरी वर्षांनी, तिचं ओझं खालच्या कॉलमना आजच सांगावं लागतं. नंतर सांगून कॉलम जाड होत नाहीत.

मी त्या चौकोनाभोवती शाईची रेघ मारायचे तेव्हा मला तो फार सुंदर वाटायचा. त्याचबरोबर मला त्याचा संशयही यायचा. एवढी जागा कुणी कुणासाठी रिकामी ठेवतं का?

कारण ती इमारत उल्हासनगरात उभी राहायची होती, कॅम्प तीनला. तिथे रिकामी जागा म्हणजे काय, ते मी लहानपणापासून बघत आले आहे. जिन्याखाली घड्याळवाला. दोन भिंतींच्या फटीत चेन बसवणारा, जो आत तिरका होऊन शिरतो. नाल्यावर फळी, फळीवर मोज्यांचं दुकान, आणि खालून त्या दिवशीच्या जीन्सच्या रंगाचं निळं पाणी वाहतंय. तिथे रिकाम्या जागेला गाळा व्हायला फक्त एक रात्र पुरते, असं लोक हसत हसत म्हणतात, आणि मग खरंच सकाळी तिथे शटर असतं.

इमारत बांधणारे टेकूभाई. ठेंगणे, पांढरा सफारी, बोलताना नेहमी समोरच्याच्या खांद्यावरून मागे बघायचे, जणू मागे कुणीतरी ऐकत उभं आहे. पहिल्यांदा नकाशा बघितला तेव्हा त्यांनी बोट नेमकं त्या चौकोनावर ठेवलं.

"दळवी साहब, ये खाली डब्बा किसका है?"

"हवेचा," सर म्हणाले.

"अच्छा. और हवा भाडा कितना देती है?"

सर हसले नाहीत. त्यांनी समजावलं, की आत्ता ठेवली तर ती जागा आपली, नंतर फोडायची म्हटलं तर बीम आडवे येतात. टेकूभाई म्हणाले, "नंतर का नंतर देखेंगे, साईं. जिसको गर्मी होगी वो खिडकी में एसी लटकाएगा." मग माझ्याकडे बघून, "बेटी, तू बता. तेरे घर में ऐसा डब्बा है?"

मी नकाशाची गुंडाळी करायला लागले. आमच्या घरात खिडकीसुद्धा एकच आहे, हे मला त्यांना सांगायचं नव्हतं. आणि दुसरीही एक गोष्ट मी सांगितली नव्हती, ना त्यांना, ना सरांना.

त्या इमारतीत मागच्या बाजूचा दुसरा मजला मोहनभाईंनी घेतला होता. मोहनभाईंचा जीन्सचा कारखाना, आणि त्या कारखान्यात माझी ताई इस्त्रीवर होती.

तेव्हा कारखाना कॅम्प तीनलाच एका जुन्या घराच्या मागच्या खोलीत होता. खिडकी होती, पण तिच्यापुढे कापडाचे तागे रचलेले. वाफेच्या इस्त्र्या, बॉयलर, आणि वर पत्रा. आदल्या मे महिन्यात ताई तिथे चक्कर येऊन पडली होती. पडताना हात इस्त्रीवर गेला. मनगटावरची ती खूण अजून आहे, बांगडी घातली की बांगडीच्या अगदी मागे दिसते. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असल्या जागी उभी राहू देऊ नका. आई म्हणाली, "मग कुठल्या जागी उभी राहू देऊ?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. ताईने काम सोडलं की माझं कॉलेज सुरू व्हायच्या आधीच सुटणार, हे घरात कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. ताई पंधरा दिवसांनी पुन्हा कामावर गेली.

म्हणून मला तो चौकोन हवा होता. शाईचं पेन धरायच्या आधी मी त्याची मापं दोनदा तपासायचे.

मी संध्याकाळी घरी येऊन ताईला सांगायचे. पोकळी तुमच्या इस्त्रीच्या भिंतीलाच लागून आहे. भिंतीत जाळी असणार. गरम हवा थेट वर. ताई भाकरी थापता थापता ऐकायची.

"कागदावर ना?"

"कागदावरच आधी असतं सगळं, ताई."

"कागदावर आपल्या चाळीच्या संडासात पाणीपण येतं, सुजे."

मला राग यायचा, आणि मग भीती वाटायची की तिचंच खरं असेल. ती माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवायची, म्हणजे मी शिकावं यावर. मी शिकते त्या गोष्टींवर नाही.

त्यात एक दिवस बदलापूरहून एक माणूस ऑफिसात आला. एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बनवण्याचा त्याचा कारखाना. आंब्यांची पेटी घेऊन आला, सरांशी आत बसून हळू आवाजात बोलला आणि गेला. पेटी टेबलाखाली राहिली. दिवसभर माझ्या पायाला तिचं गवत लागत होतं, आणि माझ्या डोक्यात टेकूभाईंचं बोट. पोकळी कुणासाठी? ताईसाठी, की डक्टवाल्यासाठी? शेवटी निघताना मी विचारलंच. शब्द नीट जुळले नाहीत. "सर, ते... शाफ्ट आणि ते आंबे..." एवढंच बाहेर पडलं.

सरांनी चष्मा काढला. "मला आंबे आवडतात," ते म्हणाले. "आणि आंब्यांसाठी काढला असता तर मी तो याच्या दुप्पट काढला असता. घरी घेऊन जा चार."

मी आंबे नेले. आईने ते वासावरून हापूस नाहीत म्हणून सांगितलं. सरांचं उत्तर खरं होतं की नाही, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. चांगलं काम चांगल्या कारणासाठीच होतं, असं मी तेव्हा मानत होते. आता तेवढी खात्री देत नाही.

मे महिन्यात प्लॉटवर बैठक झाली. ताडपत्रीखाली खुर्च्या, जमिनीतून वाफा. गाळे घेतलेले सगळे जमले. टेकूभाईंच्या माणसाने आधी प्रत्येकाला भाजलेला पापड आणि थंड पाणी दिलं, सिंधी लोकांत उन्हातून आलेल्याला तसंच देतात. मी सरांच्या मागे नकाशाची गुंडाळी घेऊन बसले होते. मोहनभाई पुढे होते. उंच, शांत, कानावर पेन. मी ताईची बहीण हे ते मला बघून ओळखतील, या भीतीने मी ओढणी कपाळापर्यंत घेतली होती.

सरांनी समजावायला सुरुवात केली. गरम हवा, थंड हवा, पश्चिम. लोक पापड मोडत होते. मग मोहनभाई पापडाचा तुकडा हातात धरूनच म्हणाले, "टेकू, सच बोल. ये डब्बा हमको पजेशन देने के बाद किसको बेचेगा?"

"मैं बेचूँगा? तुम लोग भरेगा उसमें! आज खाली, कल तुम्हारा माल."

"मेरा माल? मेरे को जगह कम है क्या?"

"जगह किसको कम नहीं है, मोहन?"

दोघेही खरं बोलत होते, म्हणून भांडण वाढत गेलं. सर मध्ये हवेबद्दल काहीतरी बोलले, ते कुणी ऐकलं नाही. शेवटी टेकूभाई माझ्याकडे वळले. "झगडा ही खतम. बेटी, मिटा दे उसको. ना डब्बा, ना चोर."

ट्रेसिंगवरची शाई खोडरबराने जात नाही. अर्ध्या ब्लेडने हळूहळू खरवडावी लागते. ते अर्धं ब्लेड माझ्या कंपासपेटीत होतं. मी सरांकडे बघितलं. सर जमिनीकडे बघत होते. मी गुंडाळी उघडून मांडीवरच्या फळीवर पसरली आणि चौकोनाच्या एका बाजूवर ब्लेड टेकवलं. इस्त्रीच्या बाजूची भिंत होती ती. मला वाटलं, ताईच्या मनगटाच्या खुणेवरच मी ब्लेड चालवते आहे. निम्मी रेघ गेली असेल.

"रुको," मोहनभाई म्हणाले. "मिटाएगा तो नया नक्शा तेरे हाथ में. फिर उसमें क्या बनाएगा, कौन देखेगा? रहने दे डब्बा. दरवाजा लगा हर माले पे. और ताला मेरा लगेगा."

"तेरा क्यों? मेरा लगेगा," मागून कुणीतरी.

"तो मेरा भी."

"अरे, बिल्डिंग मेरी और ताला मेरा नहीं?" टेकूभाई.

हे कसं झालं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. तिथल्या बाजारात भागीदारीत गोदाम घेतलं की दाराला दोन कुलपं लागतात, प्रत्येक भागीदाराचं एक. दोघे आले तरच दार उघडतं. भाऊ असले तरी. त्यात कुणाला अपमान वाटत नाही, उलट कुलूप न लावणाऱ्याकडेच लोक संशयाने बघतात. त्या दिवशी हवेच्या वाटेला सगळ्यांनी मिळून तेच केलं. पंधरा मिनिटांपूर्वी ज्यांना पोकळी नको होती, ते आता तिच्या कडीसाठी भांडत होते.

सर माझ्याकडे वाकले. "दरवाजे काढ," ते हळूच म्हणाले. "आणि कडी मोठी काढ."

मी खरवडलेली रेघ पुन्हा शाईने मारली. ब्लेड लागलेल्या कागदावर शाई फुटते. त्या एका बाजूची रेघ प्रत्येक प्रिंटमध्ये जाड आली, आणि प्लॉटवरच्या मिस्त्रीने ती भिंत कदाचित इतरांपेक्षा जाडच बांधली असेल. मी कधी मोजली नाही.

इमारत उभी राहिली. गच्चीवरच्या मशीनच्या ओट्यावर मशीन काही आली नाही, तिथे आता आसपासच्या घरांतल्या बायका पापड वाळवतात. पुढच्या दुकानांनी टेकूभाई म्हणाले होते तसेच खिडकीत एसी लटकवले, ते खाली चालणाऱ्यांच्या डोक्यावर पाणी टाकतात. सरांनी कागदावर काढलेली निम्मी व्यवस्था कागदावरच राहिली. पण पोकळी राहिली. प्रत्येक मजल्यावर तिच्या दाराला कुलपांचा घोस, एकाच मोठ्या कडीत ओळीने अडकवलेली, काही गंजलेली. उघडायला सगळे एकत्र यायला हवेत, आणि सगळे कधी एकत्र येत नाहीत. म्हणून तिच्यात एक तागाही शिरला नाही, आणि खालून वर हवा चालत राहिली.

ताईने ती मान्य करायला मात्र वेळ घेतला. पहिल्याच दिवशी तिने जीन्स शिवायच्या नारिंगी दोऱ्याचा तुकडा भिंतीतल्या जाळीला बांधला. कामाला उभं राहायच्या आधी ती रोज त्याच्याकडे बघते. दोरा आत ओढला जात असेल तरच इस्त्री हातात घेते. मी एकदा म्हटलं, आता तरी विश्वास ठेव. म्हणाली, "काल हलला म्हणून आज हलेल कशावरून?"

आणि या वर्षी तिचं बरोबर ठरायची वेळ आली होती.

थंडीत मोहनभाईंच्या मुलाची आणि टेकूभाईंच्या मुलीची मिश्री झाली, त्यांच्यात साखरपुड्याला मिश्री म्हणतात. कारखान्यात सगळ्यांना मिठाई वाटली. ताई घरी आली तेव्हा मिठाईचा पुडा तिने न उघडताच आईकडे दिला. "दोघं व्याही झाले," ती म्हणाली. "आता आमचं कसं व्हायचं?" आईला काही कळलं नाही. मला कळायलाही जरा वेळ लागला. व्याह्यांना एकमेकांचा संशय कसला? महिन्याभरात दोघांनी आपापली कुलपं काढली. दोन मोठे एक झाल्यावर बाकीच्यांनीही काढली. मग ठरलं की पोकळीत मजल्या-मजल्यावर स्लॅब टाकू, सगळ्यांना माल ठेवायला जागा होईल. इतकी वर्षं आम्ही उगाच भांडत होतो, असं टेकूभाई म्हणाले म्हणे.

मागच्या आठवड्यात ताई डबा विसरली. मी अभ्यास सोडून द्यायला गेले. दुसऱ्या मजल्यावर पोहोचले तर पोकळीच्या दारापुढे टेकूभाई, मोहनभाई आणि हातात टेप घेतलेला मिस्त्री उभे होते. रिकाम्या कडीत एक नवं कोरं पितळी कुलूप लटकत होतं.

"ये किसका है, मोहन?"

"मेरा नहीं है. तुम्हारा होगा."

"मेरा होता तो मैं पूछता?"

"टेकू, तुम्हारी यही आदत..." मोहनभाई थांबले. मग व्याह्याशी बोलायच्या आवाजात म्हणाले, "नहीं, नहीं. किसी और का होगा."

"किसका? नीचेवाले का? उसने तो हमारे बाद सबसे पहले खोला था."

"सबसे पहले क्यों खोला, ये भी सोचने की बात है."

मिस्त्रीने टेप मिटली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर ताडपत्रीखालची ती दुपार परत आलेली दिसली. ताई आत इस्त्रीवर होती. वाफेत तिचं डोकं खाली, हात एकसारखा चालू. तिने वर बघितलं नाही. जाळीवरचा दोरा आत ओढला जात होता.

दुसऱ्या दिवशी कडीत पुन्हा तीन कुलपं होती. आता पूर्वीइतकीच झाली आहेत, आणि ते पितळी धरून एक जास्तच. लग्न ठरल्याप्रमाणे होणार आहे. पोकळीबद्दल दोन्ही घरांत कुणी बोलत नाही.

परवा दुपारी आई खिडकीजवळच्या खिळ्याकडे बघत म्हणाली, "ही कसली गं चावी?" नारिंगी दोऱ्यात ओवलेली, छोटी, नवीन.

"कामावरची," ताई म्हणाली.

मी पुस्तकातून वर बघितलं. ताईने माझ्याकडे बघितलं. आमच्या खोलीत तो दोरा अजिबात हलत नव्हता.

"हे पेपरात लिहू नकोस," ती मला म्हणाली.

"याला मार्क नाहीत, ताई."

"मार्कांचं नाही सांगत. पेपर तपासणारा कुणाच्या ओळखीतला निघेल, काय भरवसा?"

मी पेपरात लिहिणार नाही. तिथे मी पुस्तकातलंच लिहीन, की हवेची वाट सुरुवातीलाच ठेवावी. इथे लिहिलं, पण इमारतीचं नाव दिलेलं नाही, आणि माणसांची नावंही सगळी बदलली आहेत. ताईचं तर मी घेतलेलंच नाही.